टकीलाचे वय पिंपात मोजू नका

व्हिस्कीने पिणाऱ्यांना एक हिशेब शिकवून ठेवला आहे: पिंपात वर्षे जास्त, तर बाटली भारी. बारापेक्षा अठरा बरी आणि अठरापेक्षा पंचवीस. हाच हिशेब आता टकीलालाही सर्रास लावला जातो. पाण्यासारखी पारदर्शक बाटली स्वस्तातली समजली जाते, सोनेरी तिच्या वरची आणि गडद तपकिरी सगळ्यांत वरची. किंमतही साधारण त्याच क्रमाने चढते, त्यामुळे समज आणखी पक्का होतो. माझ्या मते अगेव्हपासून गाळलेल्या मद्याला ही मोजपट्टी लावणे मुळातच चूक आहे. निवड करताना पहिला प्रश्न वनस्पतीचा विचारावा, दुसरा भाजण्या-गाळण्याचा, आणि पिंपाचा प्रश्न अगदी शेवटी.

कारण शेतात आहे. व्हिस्कीची बार्ली काही महिन्यांत कापणीला येते. तिच्यातून गाळलेला कोवळा अर्क तिखट असतो आणि व्हिस्कीच्या चवीचा मोठा वाटा लाकूडच देते. म्हणूनच स्कॉचला ओकच्या पिंपात किमान ३ वर्षे राहावे लागते. अगेव्ह, म्हणजे आपल्याकडे बांधावर दिसणाऱ्या घायपातीचे कुळ, इतके झटपट काही देत नाही. टकीलासाठी लागणारी निळी अगेव्ह मेक्सिकोतल्या हालिस्कोच्या लाल मातीत साधारण ६-७ वर्षे उभी असते. फुलोऱ्याचा दांडा वर येऊ लागला की तो छाटतात, म्हणजे फुलण्यासाठी साठवलेला सगळा गोडवा गाभ्यातच राहतो. मग हिमादोर म्हणजे अगेव्ह काढणारा कसबी मजूर कोआ नावाच्या लांब दांड्याच्या धारदार अवजाराने पाती तासून अननसासारखा दिसणारा गाभा मोकळा करतो. त्यातली साखर कच्ची आंबत नाही, तो गाभा आधी शिजवावाच लागतो. इतकी वर्षे मातीत काढलेल्या झाडाची चव पहिल्या धारेतच असते. काही वर्षांपूर्वी मेक्सिकोत अगेव्हचा तुटवडा पडून भाव किलोला ३० पेसोंच्या घरात गेला, तेव्हा कोवळी झाडेही कापली गेली. अशा गाभ्यात साखरही कमी आणि चवही कमी. ती उणीव पिंप झाकू शकते, भरून काढू शकत नाही.

आता टकीलाच्या श्रेण्या पाहा. ब्लांको बहुधा पिंप न पाहिलेली किंवा जेमतेम पाहिलेली. रेपोसादो किमान २ महिने, आन्येहो किमान १ वर्ष, आणि २००६मध्ये आलेली एक्स्ट्रा आन्येहो किमान ३ वर्षे. स्कॉच जिथे कायद्याने सुरू होते, तिथे टकीलाची सर्वोच्च श्रेणी सुरू होते. या श्रेण्या लाकडाबद्दल सांगतात, अगेव्हबद्दल एक अक्षरही नाही. शिवाय पिंपातल्या टकीलात कॅरॅमलचा रंग, ओकचा अर्क, ग्लिसरीन, साखरेचा पाक हे सगळे मिळून १ टक्क्यापर्यंत लेबलवर न सांगता मिसळायला मुभा आहे. म्हणजे तपकिरी रंग हा वयाचा पुरावासुद्धा ठरत नाही. खरी माहिती दुसरीकडे आहे. मेक्सिकोच्या नियमांनुसार नुसते ‘टकीला’ लिहिलेल्या बाटलीत ५१ टक्के साखर अगेव्हची असली तरी पुरते. उरलेली ४९ टक्क्यांपर्यंत ऊस किंवा अन्य कशाचीही असू शकते, आणि ते ठळक लिहिण्याची सक्ती नाही. ‘१०० टक्के अगेव्ह’ हे शब्द असले तरच आंबवताना दुसरी साखर वापरलेली नाही अशी खात्री मिळते. ‘टकीला’ हे नाव १९७४पासून कायद्याने राखीव आहे, पण त्या संरक्षणाने ही तफावत मिटलेली नाही. मीठ-लिंबाशिवाय टकीला पिववत नाही असे म्हणणाऱ्यांनी आपण बहुधा कोणती टकीला पीत आलो, हे एकदा तपासावे.

अगेव्हच्याच दुसऱ्या मद्याकडे, मेस्कालकडे वळले की हा मुद्दा आणखी उघड होतो. तिची लेबलेच झाडाचे नाव घेतात: एस्पादीन, तोबाला, तेपेस्ताते. वाहाका प्रांतात मोठ्या प्रमाणावर लावली जाणारी एस्पादीन टकीलाच्या अगेव्हपेक्षा फार जास्त वेळ घेत नाही, तर डोंगरातल्या तेपेस्तातेला पंचवीसेक वर्षेही लागतात. २०१६च्या नियमांनुसार मेस्काल १०० टक्के अगेव्हचीच असावी लागते आणि तिचे तीन प्रकार पडतात. साध्या मेस्कालला आधुनिक यंत्रे चालतात. ‘आर्तेसानाल’मध्ये गाभा खड्ड्यात किंवा दगडी भट्टीत भाजतात. ‘आन्सेस्त्राल’मध्ये खड्ड्यात भाजलेला चोथा रसासकट मातीच्या भांड्यांत गाळतात. मेस्काल म्हणजे धूर, एवढीच तिची ओळख करून देणे अन्यायाचे आहे. धूर खड्ड्यातल्या लाकडाचा, तो काहींत दाट तर काहींत पुसट, आणि त्याच्यामागे मातीची, फळांची, हिरव्या पानांची चव प्रत्येक जातीत वेगळी. सोनोराची बाकानोरा आणि हालिस्कोची राइसीया या आणखी दोन बहिणी, स्वतःच्या संरक्षित नावांसह.

यावर आक्षेप येईल की झाडाचे वयच मोजायचे, तर सगळे दुर्मीळ रानटी अगेव्हच्या मागे लागतील आणि डोंगर उजाड होतील. हा आक्षेप मला गंभीर वाटतो. दांडा छाटलेली अगेव्ह फुलत नाही, बी धरत नाही, आणि तिच्या मधावर जगणाऱ्या वटवाघळांचाही घास जातो. म्हणूनच नेहमीच्या वापरासाठी मी लागवडीची एस्पादीन सुचवेन, रानटी जात क्वचित आणि पुनर्लागवड करणाऱ्या उत्पादकाकडूनच. दुसरा आक्षेप सरळ आहे: मुरलेली टकीला घशाला मऊ लागते आणि पिणाऱ्याची आवड महत्त्वाची. आवडीशी भांडण नाही. चांगल्या अगेव्हची रेपोसादो सुंदरच असते. पण ज्या मऊपणाचे पैसे आपण मोजतो तो व्हॅनिला-कॅरॅमलचा असेल, तर तो व्हिस्कीत अधिक चांगला मिळतो. मुरवलेली टकीला कोळशातून गाळून पुन्हा पारदर्शक करणारी ‘क्रिस्तालिनो’ तर आधी लाकूड विकते, मग त्याचा रंग काढून विकते.

हा प्रश्न आता आपल्या दाराशीही आला आहे. दख्खनच्या पठारावरच्या घायपातीपासून गाळलेले मद्य गोव्यातून बाजारात येते. ‘डेस्मंडजी’ या ब्रँडने ५१ टक्के आणि १०० टक्के अशा दोन बाटल्या काढल्या आणि आकडा लेबलवर उघड छापला, ही गोष्ट मेक्सिकोतल्या अनेक मोठ्या कंपन्यांपेक्षा प्रामाणिक आहे. त्यानंतर आलेल्या भारतीय उत्पादकांनी रेपोसादो-आन्येहोची भाषा उचलली आहे, आणि तिथेच काळजी वाटते. चांगली काजू फेणी पारखणारा गोवेकर पिंपाचे वय विचारत नाही. तो काजू कुठला, भट्टी कोणाची हे विचारतो. आपल्या उत्पादकांनी घायपात कुठली, किती वर्षांची, कशी भाजली हे लेबलवर लिहावे, आणि ग्राहकाने ‘१०० टक्के अगेव्ह’ हे शब्द नसलेली बाटली, रंग कितीही गडद असो, दुकानातच परत ठेवावी.