व्रणाला पाळी येते तेव्हा

सिझेरियन होऊन दोन-तीन वर्षे लोटलेली असतात. पोटावरच्या व्रणाशी एक गाठ हाताला लागते. पाळीच्या दिवसांत ती फुगते, ठणकते आणि पाळी सरली की निवते. ‘टाके दुखतात, असे व्हायचेच’ हे उत्तर घरी मिळते आणि कधी दवाखान्यातही.

या गाठीला वैद्यकात व्रणातील एंडोमेट्रिओसिस म्हणतात. शस्त्रक्रियेत गर्भाशय उघडले जाते, तेव्हा त्याच्या अस्तरातील काही पेशी जखमेत पडून तेथेच रुजतात, हे त्याचे बहुमान्य स्पष्टीकरण. जागा बदलली तरी त्यांचा धर्म बदलत नाही. दर महिन्याला संप्रेरकांच्या हाकेला त्या ओ देतात. मात्र येथे स्रावाला बाहेर पडायची वाट नसते, म्हणून सूज आणि वेदना.

विकार दुर्मीळ आहे. सिझेरियन झालेल्यांत त्याचे प्रमाण साधारण 0.03 ते 0.4 टक्के सांगितले जाते. मग एवढी चिंता कशाला? कारण छेद वाढला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या आणि पाचव्या फेरीदरम्यान देशातील सिझेरियनचे प्रमाण 17.2 वरून 21.5 टक्क्यांवर गेले; महाराष्ट्रात ते 25.4, तर कर्नाटकात 31.5 टक्के झाले. देशात वर्षाला सुमारे 50 लाख सिझेरियन होतात असे धरले, तर 0.03 टक्के म्हणजेही 1,500 स्त्रिया आणि 0.4 टक्के म्हणजे 20,000. सिझेरियन जीव वाचवते, त्याला भिण्याचे कारण नाही. पण त्याच्या मागून येणाऱ्या दुखण्याची दखल घेणे हे त्याच शास्त्राचे कर्तव्य आहे.

म्हैसूर जिल्ह्यातील तलकाडची देवळे वाळूखाली गेली, तेव्हा लोकांनी कारण शोधले ते अलमेलम्मेच्या शापात. खरे काम कावेरीच्या वाळूचे आणि वाऱ्याचे होते. स्त्रीच्या दुखण्याबाबत आपण आजही असेच करतो: कारण शोधण्याऐवजी ‘बाईच्या जातीला हे असायचेच’ म्हणून मोकळे होतो.

येथे निदानाची पहिली पायरी तर विनामूल्य आहे. ‘ही गाठ पाळीच्या वेळी जास्त दुखते का?’ हा प्रश्न न विचारल्यामुळेच तिला हर्निया, गळू किंवा टाक्याची गाठ समजले जाते. उत्तर ‘हो’ आले, तर सोनोग्राफी, गरज पडल्यास एमआरआय. गोळ्यांनी बहुधा तात्पुरता आराम पडतो. खात्रीचा उपाय म्हणजे भोवतालच्या सुमारे एक सेंटिमीटर निरोगी ऊतीसह गाठ काढणे आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निदान पक्के करणे.

म्हणून मागणी लहानच आहे. सिझेरियननंतर घरी जाताना मिळणाऱ्या कागदावर, तिच्या भाषेत, एक ओळ असावी: व्रणाजवळ पाळीबरोबर दुखणारी गाठ आली, तर दाखवायला या. आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी पोटावरचा व्रण पाहताना पाळीची तारीखही विचारावी. त्या एका ओळीला शाईखेरीज खर्च नाही. ती नसल्याचा खर्च मात्र कोणीतरी दर महिन्याला सोसत असते.