खापर रबराच्या माथी

पंपाच्या तोंडाशी दोन फ्लँजांच्या मध्ये एक काळा, फुगीर रबरी तुकडा बसवलेला असतो. कारखान्यात त्याला सगळे ‘बेलो’ म्हणतात. तो फुटून पंपघरात गुडघाभर पाणी झालं की चौकशी एका ओळीत आटोपते: रबर निकृष्ट होतं. पुरवठादाराला खरमरीत पत्र जातं, नवा बेलो येतो आणि जुन्याच्या जागी तसाच बसतो. या ‘तसाच’मध्येच ग्यानबाची मेख आहे.

तापमान १०० अंशांनी वाढलं की लोखंडी पाइप मीटरमागे साधारण १.२ मिलिमीटर लांबतो. त्यात पंपाची थरथर आणि पाया खचल्याने होणारी सरकासरक. ही सगळी हालचाल पोटात घेऊन सांध्यावर ताण येऊ न देणं, एवढंच बेलोचं काम. प्रत्यक्षात त्याच्यावर भलतीच कामगिरी येते. दोन पाइपांची तोंडं बोटभर चुकलेली असतात, शटडाउन संपत आलेला असतो, वेल्डरला पुन्हा कोण बोलावणार? मग पहार घालून भोकं जुळवायची, बेलो ओढूनताणून बसवायचा आणि बोल्ट कसायचे. रबराची लवचीकता अशी पहिल्याच दिवशी खर्ची पडते. पाइप तापेल तेव्हा त्याच्याकडे द्यायला काहीच उरलेलं नसतं.

दुसरी काटछाट टाय रॉडची. पाइपात दाब आला की बेलो लांबायला बघतो. ३०० मिलिमीटर व्यासाच्या पाइपात दर चौरस सेंटिमीटरला १० किलो दाब असेल, तर दोन्ही बाजूंना ढकलणारा जोर सात टनांच्या वर जातो. पाइप पक्का जखडलेला नसेल, तर हा जोर बेलोभोवतीच्या सळयांनीच पेलायचा. खरेदी खात्याला मात्र त्या सळया म्हणजे वरखर्च वाटतो.

हा हिशेब न मांडल्याची किंमत इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोने १ जून १९७४ रोजी मोजली. तिथल्या रसायन कारखान्यात एक रिअ‍ॅक्टर तडकला म्हणून काढला होता. त्याच्या दोन बाजूंचे रिअ‍ॅक्टर वाकड्या तात्पुरत्या पाइपाने जोडले. दोन टोकांना बेलो, खाली परांचीचा आधार. नकाशा काय, तर वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने काढलेली आकृती. पाइप निसटला, सायक्लोहेक्झेनची वाफ पेटली आणि २८ माणसं गेली. ते बेलो रबराचे नव्हते, स्टेनलेस स्टीलचे होते. तेव्हा दोष रबराचाच असतो, हे पालुपद आता पुरे.

रबराची जात पाहायची असते हेही किती जणांच्या गावी असतं? ईपीडीएम गरम पाण्याला उत्तम, पण तेल लागलं की फुगतं. नायट्राइल तेलाला टिकतं, उन्हात आणि ओझोनमध्ये तडकतं. मागणीपत्रावर मात्र ‘रबर बेलो, सहा इंच, दोन नग’ एवढंच लिहायचं आणि सर्वात कमी दर भरणाऱ्याला ऑर्डर द्यायची. मग तो काय देईल? त्याच्याकडे पडून असेल ते.

आणि रंगारी! वार्षिक तपासणीला साहेब येणार म्हणून पाइपांना निळा रंग मारतात, त्याच हाताने बेलोलाही. रंगातलं सॉल्व्हंट रबराला बाधतं ते वेगळंच. वर ज्या बारीक भेगांवरून बेलो बदलायची वेळ झाली हे कळायचं, त्याच रंगाखाली झाकल्या जातात. साहेबांना सगळं चकाचक दिसतं आणि तपासणीच्या तक्त्यात बरोबरची खूण पडते.

पुढच्या वेळी बेलो फुटला, तर पुरवठादाराला पत्र लिहिण्याआधी पाइपांची तोंडं पट्टी लावून मोजावीत आणि मागणीपत्राची नक्कल त्याच फायलीला जोडावी.