द्रौपदीच्या तोंडी घातलेला टोमणा



आमच्या तालुक्यातल्या वक्तृत्व स्पर्धेत यंदा नववीतल्या मुलीला पहिलं बक्षीस मिळालं. ती म्हणाली, द्रौपदीने जीभ आवरली असती तर महायुद्ध टळलं असतं. परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या. बाईला भर सभेत केस धरून ओढत आणलं, आणि दोष तिच्या जिभेचा!

त्या पोरीला बोल लावत नाही. तिने जे वाचलं ते ती बोलली. महाभारतावर कादंबरी लिहायची, नायक उजळ करायचा आणि त्यासाठी द्रौपदीला काळं फासायचं, ही जी रीत पडली आहे तिच्याविरुद्ध हे पत्रक आहे.

मयसभेत दुर्योधन पाण्यात पडला आणि द्रौपदीने त्याला बापाच्या आंधळेपणावरून हिणवलं, हे आज घरोघरी पाठ आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत 1919 ते 1966 अशी 47 वर्षं विद्वान खपले, 1259 पोथ्या पाहिल्या आणि महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिचं सभापर्व उघडा. तिथे हसतात ते भीम, अर्जुन, नकुल-सहदेव आणि नोकरचाकर. पुढे दुर्योधन बापापुढे रडगाणं गातो तेव्हा हसणाऱ्यांत द्रौपदीलाही ओढतो. पण तिने बापावरून टोमणा मारला, असं तोसुद्धा म्हणत नाही! दुर्योधनाला जो आळ घ्यावासा वाटला नाही, तो आमचे कादंबरीकार बिनदिक्कत घेतात.

स्वयंवरात तिने सूतपुत्र म्हणून कर्णाला झिडकारलं, हा दुसरा आवडता प्रसंग. तो मोजक्या पोथ्यांतला. चिकित्सक आवृत्तीने तो मूळ पाठात घेतलेला नाही. उलट, द्यूतसभेत द्रौपदीला वेश्या म्हणणारा आणि तिची वस्त्रं काढून घ्या असं दुःशासनाला सांगणारा कर्ण आहे, हे मूळ पाठात स्वच्छ आहे. कर्णाचं दुःख खरं आहे, त्यावर हजार पानं लिहा. पण त्याचं हे वाक्य गाळायचं आणि तिच्या तोंडी नसलेलं घालायचं, हा कोणता न्याय?

यावर ठरलेलं उत्तर येतं: कल्पनास्वातंत्र्य. ते संस्कृत नाटककार भासानेही घेतलं. 'ऊरुभंगा'त त्याने मरणाऱ्या दुर्योधनासाठी आपल्याला हळहळायला लावलं, आणि त्यासाठी त्याला द्रौपदीची बदनामी करावी लागली नाही. कुणी म्हणतं, लोकांना हेच आवडतं. आवडणारच! छळ झालेल्या बाईचाच दोष काढायची सवय आपल्याला घरापासून आहे. त्या सवयीला व्यासांचं नाव चिकटवू नका. इरावतीबाई कर्व्यांनी चिकित्सक आवृत्ती समोर ठेवूनच 'युगान्त' लिहिलं, आणि ते वाचकांनी डोक्यावर घेतलं.

आमची मागणी साधी आहे. जो प्रसंग कल्पनेतला, तो कल्पनेतला आहे असं कादंबरीच्या शेवटी छापा. शाळांनी कादंबरीतला उतारा महाभारत म्हणून मुलांना देऊ नये. आणि त्या मुलीच्या शिक्षकांनी तिच्यासोबत द्यूताचे अध्याय वाचावेत. स्वतःला आधीच हरलेला माणूस मला पणाला लावू शकतो का, हा प्रश्न द्रौपदीने भीष्मांसमोर विचारला आणि भीष्मांना त्याचा निकाल देता आला नाही. पुढच्या वर्षी त्या मुलीने त्या प्रश्नावर बोलावं.