तपासणीची वही उघडी हवी

जालन्याच्या मस्तगड भागातला एखादा रुग्ण गुडघ्याचा एक्स-रे काढायला जातो, तेव्हा खोलीच्या दारावर तीन पाकळ्यांचे चिन्ह असते. बहुतेकांचे त्याकडे लक्ष जात नाही. आतल्या यंत्राला परवाना देणारी संस्था आणि साडेतीनशेहून अधिक किलोमीटरवरच्या तारापूरच्या अणुभट्टीला परवाना देणारी संस्था एकच आहे, हे तर फारच थोड्यांना ठाऊक असते. ती संस्था म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झालेल्या या मंडळाचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. म्हणूनच अणुवीज केंद्राची तपासणी कशी होते आणि त्रुटी सापडल्यावर पुढे काय होते, हा प्रश्न केवळ पालघर जिल्ह्याचा नाही.

‘अणुवीज केंद्राच्या तपासणीत त्रुटी’ अशी बातमी वाचली की पोटात गोळा येतो. खरे तर त्रुटी सापडणे हे तपासणी नीट झाल्याचे लक्षण असते. एखाद्या प्रयोगशाळेकडून वर्षभर सगळ्याच रुग्णांचे अहवाल नॉर्मल येऊ लागले, तर डॉक्टर रुग्णांचे अभिनंदन करत नाहीत, प्रयोगशाळेवर शंका घेतात. अणुभट्टीचेही तसेच आहे. तपासनीस नळांच्या भिंती कुठे झिजल्या ते पाहतात, जोड तपासतात, वीज गेल्यावर डिझेल जनरेटर चालू होतात का हे पाहतात, आगीपासून संरक्षणाची व्यवस्था बघतात आणि कामगारांना वर्षभरात किती किरणोत्सर्ग मिळाला याच्या नोंदी चाळतात. मागच्या वेळी सांगितलेली दुरुस्ती झाली की नाही, हेही पाहायचे असते. दर दहा वर्षांनी संपूर्ण केंद्राच्या सुरक्षेचा नव्याने आढावा घेतला जातो.

तारापूरला हे सारे अधिक काटेकोरपणे व्हावे लागते, कारण तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या वयस्कर आहेत. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उभारलेल्या या भट्ट्यांतून २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी तत्त्वावर वीज मिळू लागली. मूळची प्रत्येकी २१० मेगावॉटची क्षमता पुढे १६० वर आणावी लागली. २०२० मध्ये दोन्ही भट्ट्या मोठ्या दुरुस्तीसाठी बंद करण्यात आल्या. सत्तरीच्या माणसाला तिशीतल्या माणसापेक्षा जास्त वेळा तपासावे लागते, त्यात त्याचा अपमान नसतो. मात्र तपासणीत काय निघाले ते रुग्णापासून आणि घरच्यांपासून लपवायचे, अशी प्रथा असेल तर गोष्ट वेगळी होते.

तशी प्रथा आपल्याकडे होती, आणि तिची कसोटी मुंबईतच लागली. ३१ मार्च १९९३ रोजी उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्रात टर्बाइनची पाती तुटून आग लागली, केबल जळाल्या आणि सुमारे १७ तास केंद्राचा वीजपुरवठा खंडित राहिला. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही, पण अनर्थ थोडक्यात टळला. त्यानंतर मंडळाचे तत्कालीन अध्यक्ष डॉ. ए. गोपालकृष्णन यांच्या कारकिर्दीत, १९९५ मध्ये, देशातील अणुऊर्जा प्रकल्पांतील सुरक्षेच्या सुमारे १३० मुद्द्यांची यादी तयार झाली. ही यादी लोकांना पाहू द्यावी, अशी मागणी घेऊन पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज आणि बॉम्बे सर्वोदय मंडळ मुंबई उच्च न्यायालयात गेले. अणुऊर्जा कायदा, १९६२ मधल्या गोपनीयतेच्या तरतुदीवर सरकारने बोट ठेवले. याचिका फेटाळली गेली आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सरकारचीच बाजू मान्य केली.

अणुइंधन आणि शस्त्रास्त्रांशी जोडलेली माहिती गुप्त ठेवण्याला कारण आहे, ते कुणी नाकारत नाही. परंतु एखाद्या केंद्रात आग विझवण्याची व्यवस्था अपुरी आहे किंवा पर्यायी वीजपुरवठ्याच्या केबल एकाच खोलीतून नेल्या आहेत, यात शत्रूच्या उपयोगाचे फारसे काही नसते. केंद्राशेजारच्या गावातल्या माणसाच्या उपयोगाचे मात्र बरेच असते. दोन्ही गोष्टी एकाच कुलपात ठेवल्या की दुरुस्तीची घाई कुणालाच राहत नाही.

दुसरी अडचण तपासणाऱ्याच्या स्वातंत्र्याची. नियामक मंडळ अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी. आयोगाचे अध्यक्ष तेच अणुऊर्जा विभागाचे सचिव. आणि अणुवीज केंद्रे चालवणारे न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन त्याच विभागाखाली. म्हणजे परीक्षक आणि परीक्षार्थी एकाच घरातले. मंडळातील शास्त्रज्ञांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही, प्रश्न रचनेचा आहे. जपानमध्येही अणुसुरक्षा पाहणारी संस्था अणुऊर्जेला प्रोत्साहन देणाऱ्या मंत्रालयातच होती. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाला त्सुनामीच्या पाण्याने जनरेटर बुडवले. पुढच्या वर्षी जपानी संसदेने नेमलेल्या चौकशी आयोगाने, सरकार, नियामक आणि कंपनी यांच्या संगनमतातून घडलेली ही मानवनिर्मित आपत्ती आहे, असा निष्कर्ष काढला.

आपल्याकडे २०१२ मध्ये महालेखापरीक्षकांच्या अहवालाने मंडळाच्या दुबळ्या कायदेशीर स्थानाकडे लक्ष वेधले. नियमभंगाला दंड होता जास्तीत जास्त ५०० रुपये. मार्च २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तज्ज्ञ पथकाने मंडळाचे स्वातंत्र्य कायद्यातच नोंदवावे आणि अणुवीज केंद्रांच्या प्रत्यक्ष तपासण्या अधिक वेळा व्हाव्यात, असे सुचवले. मंडळाला वैधानिक दर्जा मिळण्यासाठी डिसेंबर २०२५ उजाडावा लागला. त्या महिन्यात संसदेने संमत केलेल्या ‘शांती’ कायद्याने तो दिला. त्याच कायद्याने खासगी कंपन्यांनाही अणुवीज क्षेत्राचे दार उघडले आहे. चालक वाढणार असतील तर तपासनीसांची संख्या, त्यांचे अधिकार आणि त्यांच्या अहवालांची पारदर्शकताही वाढायला हवी.

आता पुन्हा जालन्याकडे. महालेखापरीक्षकांच्या त्याच अहवालात अणुभट्ट्यांपेक्षा जास्त अस्वस्थ करणारा आकडा रुग्णालयांबद्दलचा होता. देशातील ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे यंत्रणांपैकी फक्त ५,२७० नोंदणीकृत होत्या. ९१ टक्के यंत्रे नोंदणीविनाच चालू होती. क्ष-किरण निदान केंद्रांच्या तपासणीतली तूट ९७ टक्क्यांहून अधिक होती. प्रत्येक राज्यात किरणोत्सर्ग सुरक्षा संचालनालय असावे, असे २००१ मध्येच ठरले होते, पण अहवालाच्या वेळी ते केरळ आणि मिझोराम या दोनच राज्यांत उभे राहिले होते. त्यानंतर ‘ई-लोरा’ ही ऑनलाइन परवाना प्रणाली आली आणि नोंदणी वाढली, हे मान्य करायला हवे. पण नोंदणी म्हणजे तपासणी नव्हे. परवान्याचा कागद भिंतीवर असतो आणि किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला तंत्रज्ञाच्या छातीवर असण्याऐवजी टेबलाच्या खणात, हे दृश्य लहान गावांत नवे नाही.

धोक्याचे मोजमापही समजून घ्यावे. किरणोत्सर्गाच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० आहे. सामान्य नागरिकाला अशा उद्योगांमुळे मिळणाऱ्या किरणोत्सर्गाची मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट. छातीच्या एका एक्स-रेत याचा अगदी छोटा अंश मिळतो, साधारण ०.०२ ते ०.१. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये मात्र सुमारे ५ ते १०. रुग्णाच्या आवश्यक तपासणीला अशी मर्यादा लावत नाहीत, कारण तिथे निदानाचा फायदा मोठा असतो. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेला एक्स-रे भीतीने टाळू नये. पण यंत्र नादुरुस्त असेल, झोत नको तिथे पसरत असेल, किंवा फिल्म बिघडली म्हणून तोच एक्स-रे तीनदा काढावा लागत असेल, तर हा हिशेब बिघडतो. रोज त्याच खोलीत उभा राहणारा तंत्रज्ञ आणि गर्भवती महिला यांना त्याची झळ आधी बसते.

जालन्याला आणखी एका कारणासाठी सावध राहायला हवे. हे पोलादाचे शहर आहे. इथल्या भट्ट्यांत भंगार वितळवून सळया तयार होतात. २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठाने लिलावात विकलेले जुने गॅमा उपकरण मायापुरीच्या भंगार बाजारात फोडले गेले. आतल्या कोबाल्ट-६० मुळे अनेक जण आजारी पडले आणि एका कामगाराचा मृत्यू झाला. त्याआधी, २००८ मध्ये, फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडले होते आणि त्यांचे पोलाद भारतातून गेलेले होते. असे भंगार भट्टीत गेले की ते पुन्हा वेगळे करता येत नाही. भट्टीच्या दारात किरणोत्सर्ग मोजणारे यंत्र बसवणे आणि त्याच्या नोंदी ठेवणे, हा त्यावरचा साधा उपाय आहे.

या सगळ्याचा मतितार्थ फार अवघड नाही. अणुवीज केंद्राच्या प्रत्येक तपासणीत काय आढळले, कोणती दुरुस्ती किती मुदतीत सांगितली आणि ती झाली का, एवढे तरी साध्या मराठीत लोकांसमोर यावे. संरक्षणाशी संबंधित भाग वगळून हे सहज करता येईल. राज्य सरकारने जिल्हापातळीवर एक्स-रे आणि सीटी केंद्रांच्या तपासणीसाठी पुरेशी माणसे द्यावीत, आणि त्याची सुरुवात सरकारी रुग्णालयांपासून करावी. सरकारी दवाखान्यातला तंत्रज्ञ बिल्ल्याविना काम करत असेल, तर खासगी केंद्राला नोटीस देण्याचा नैतिक अधिकार उरत नाही.

नागरिकांच्या हातातही तीन प्रश्न आहेत. या यंत्राचा नियामक मंडळाचा परवाना कुठे लावला आहे? दर दोन वर्षांनी करायची गुणवत्ता चाचणी शेवटची केव्हा झाली? आणि रुग्णाला धरून उभे राहावे लागले, तर शिशाचा एप्रन मिळेल का? मस्तगडच्या रहिवाशाने एक्स-रे केंद्रात हे विचारण्यात उद्धटपणा नाही. जिथे रोज शंभर जण हे विचारतात, तिथे तपासनीस वर्षातून एकदा आला तरी वही तयार असते.