जुना ट्रॅक्टर रान काढायला नसतो, रान राखायला असतो



गेल्या महिन्याभरात तिघांनी एकच गोष्ट विचारली. "वाट्याला पडीक रान आलंय, चिलार माजलीय. दीड-दोन लाखात एखादा जुना ट्रॅक्टर बघून दे. दम असलेला पायजे."

या 'दम' शब्दावरच माझं भांडण आहे. त्याच्यापायी मी एकदा ट्रॅक्टरसकट विहिरीत जाता जाता वाचलोय.

सीनाकाठचं आमचं ६ एकर रान ११ वर्षं पडून होतं. भाऊबंदकी मिटली तेव्हा त्यात माणूस शिरत नव्हता. वडिलांकडं होता त्याच मॉडेलचा एक ट्रॅक्टर शेजारच्या तालुक्यात विकाऊ निघाला. त्याचा आवाज ऐकला, डोळ्यांत पाणी आलं, तिथंच इसार दिला. कंपनीचं नाव सांगणार नाही, कारण दोष ट्रॅक्टरचा नव्हता, माझा होता. त्याला सिंगल क्लच आहे हे मला ठाऊक होतं. त्याचा अर्थ काय, ते ठाऊक नव्हतं.

मागं ५ फुटी स्लॅशर जोडून कमरेएवढं गवत कापत होतो. मडगार्डवर पुतण्या बसलेला. गवतात जुनी विहीर होती, कठडा नसलेली. जवळ आल्यावर क्लच दाबला, तर ट्रॅक्टर थांबेना. मागून कुणी ढकलावं तसा पुढं सरकत राहिला. दोन्ही पायांवर उभा राहिलो तेव्हा पुढचं चाक काठापासून हातभर अंतरावर थांबलं. पुतण्या हसत होता. त्याला वाटलं, काका मजा करतायत.

झालं काय होतं ते समजून घ्या. सिंगल क्लचच्या जुन्या ट्रॅक्टरात चाकांची आणि पीटीओची ताकद एकाच क्लचमधून गिअरबॉक्सात जाते. क्लच दाबला की इंजिन सुटतं, पण स्लॅशरची जड पाती फिरतच राहतात. त्यांचा जोर पीटीओ शाफ्टमधून उलटा गिअरबॉक्सात येतो आणि तिथून चाकांना. म्हणजे मशीनच ट्रॅक्टरला ढकलतं. दुसरी अडचण रोजची. दाट झाडोऱ्यात चाल कमी करायला क्लच दाबला की पातीचाही जोर जातो, अन् नेमकी तिथंच ती अडकतात.

डबल क्लचमध्ये पेडल अर्धं दाबलं की चाकं थांबतात, पीटीओ चालू राहतो. पूर्ण दाबलं की दोन्ही सुटतात. झाडोरा कापायला हाच लागतो. मॉडेलच्या नावावर जाऊ नका, एकाच मॉडेलचे ट्रॅक्टर दोन्ही प्रकारच्या क्लचमध्ये निघालेत. मोकळ्या जागेत पीटीओ चालू करा, मागं मशीन जोडू नका, पहिल्या गिअरात घाला आणि पेडल अर्धं दाबून थांबा. दुसऱ्या माणसानं लांबून बघावं. चाकं थांबली आणि शाफ्ट फिरत राहिला, तर पुढची बोलणी करा. सिंगल क्लचचा घरात आधीच असेल तर पीटीओवर ओव्हररनिंग क्लच बसवून घ्या. पाती फिरत राहिली तरी त्यांचा जोर मागं येत नाही. माझ्या हजारो रुपयांच्या दुरुस्त्यांत ही एवढीच वस्तू नव्हती.

आता दमवाल्यांची आवडती गोष्ट. मोबाईलवर व्हिडिओ फिरतात. चिलारीच्या बुंध्याला साखळी, पुढची चाकं हवेत, अन् मागं गाणं. मला त्यात मर्दुमकी दिसत नाही. बुंधा हलला नाही तर मागचं चाक फिरायचं थांबतं आणि ट्रॅक्टरच चाकाभोवती वर उचलला जातो. साखळी एक्सलला किंवा टॉप लिंकच्या जागी उंच बांधली असेल, तर तो मागं उलटतो आणि उडी मारायला वेळ मिळत नाही. जुन्या ट्रॅक्टरवर डोकं वाचवणारी चौकट नसते. ओढायचंच असेल तर खाली ड्रॉबारलाच बांधा. माझं म्हणणं त्याही पुढचं आहे. बुंधे ओढायला ट्रॅक्टर लावूच नका.

रान काढणं आणि रान राखणं ही दोन वेगळी कामं आहेत. आपण दोन्ही एकाच लोखंडाच्या गळ्यात बांधतो, तिथं चुकतो. चिलार वरून कापली की बुंध्यातून दुप्पट फुटवे घेऊन येते. जमिनीखालचा गड्डा निघाला तरच ती संपते. हे काम जेसीबीचं. आमच्या ६ एकराला २८ तास लागले, तासाला १२०० प्रमाणे ३३,६०० रुपये. लाकूड भट्टीवाल्यानं नेलं, त्यातून थोडे सुटले. त्याआधी ट्रॅक्टरनं मी महिनाभरात एकरसुद्धा मोकळं केलं नव्हतं. क्लच प्लेट, दोन टायर आणि लिफ्टचं काम यात ४१ हजार घातले. हिशेब तुम्हीच करा.

पण जेसीबी गेला म्हणजे काम संपलं असं नाही. चिलारीचं बी मातीत पडलेलं असतं, शेळ्या-मेंढ्या शेंगा खाऊन लेंड्यांतून नवं आणून टाकतात. पहिल्या पावसानंतर रोपं हिरवीगार दिसतात. तेव्हा वाफशावर कुळव, नंतर वर्षातून दोनदा स्लॅशर. असं चार-पाच वर्षं न चुकता केलं तर रान आपलं. या कामाला जुना ट्रॅक्टर सोन्यासारखा. वर्षातले मोजके दिवस चालणार, त्यासाठी नव्याचा हप्ता कशाला?

मग कुठला घ्यावा? ज्याचा वॉशर तालुक्याच्या गावी मिळतो तो. उदाहरण देतो. बी-२७५ हा मूळचा इंटरनॅशनल हार्वेस्टरचा ट्रॅक्टर. महिंद्रानं १९६३ मध्ये त्यांच्याबरोबर आणि व्होल्टासबरोबर कंपनी काढून तो इथं आणला. २७५ हा आकडा आजही चालू आहे आणि त्याच्यावर हात बसलेले मिस्त्री सापडतात. एचएमटीनं १९७१ मध्ये पिंजोरला झेटॉरच्या साथीनं २५११ सुरू केला. अजून जिवावर चालणारे आहेत. पण २०१६ मध्ये सरकारनं तो कारखाना बंद करायचं ठरवलं. तेव्हा घेण्याआधी पंप, क्लच आणि लिफ्टचे भाग कुठं मिळतात ते दुकानात जाऊन विचारा. ट्रॅक्टर चांगला असून उपयोग नाही, पावसाचे आठ दिवस तो पार्सलची वाट बघत उभा राहिला तर रोपं तुमची वाट बघत नाहीत.

बघायला जाल तेव्हा न सांगता सकाळी जा. इंजिनाला हात लावा. गरम असेल तर मालकानं आधीच चालू करून ठेवलंय. थंड इंजिन कसं उठतं ते खरं. ब्रीदरमधून धुराचा लोट येतोय का बघा. लिफ्टवर अवजार उचलून इंजिन बंद करा, चहा घेऊन या, अवजार खाली आलं असेल तर तेवढे पैसे कमी करा. त्याच्याखाली मात्र वाकू नका. चेसिस नंबर आरसीशी जुळवा, बँकेचा बोजा उतरलाय याचा कागद मागा.

घरी आणल्यावर पोटाखाली जाड पत्रा ठोका, खुंट डिझेलची नळी फाडतात. रेडिएटरची जाळी दर तासा-दोन तासांनी झाडा. आणि मडगार्डवर कुणीही बसणार नाही, ना पोरगं, ना पाहुणा.

"जुन्या लोखंडात जी ताकद होती ती आता नाही" असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. ताकद होतीच. थांबवायची सोय कमी होती. वडील तो ट्रॅक्टर चालवायचे ते नांगरटीला, पीटीओवर त्यांनी कधी काही जोडलंच नव्हतं. मी त्यांचा आवाज विकत आणला आणि त्यांनी कधी न केलेलं काम त्याच्याकडून करून घ्यायला गेलो.

तर तुम्ही विचारलेल्या तिघांनो, मी येतो बघायला. पण आधी पेडल दाबून बघणार, आवाज नंतर ऐकू. आणि विहिरीला कठडा बांधलाय का, तेही येताना विचारणार. माझ्या विहिरीला त्याच आठवड्यात बांधला.

राम राम.