रंगरंगोटी नंतर, मोजदाद आधी

घराला रंग द्यायचा ठरला की आपण आधी काय करतो? रंगारी दारात यायच्या आधी माळा रिकामा करतो. डबे खाली घेतो, कशात काय आहे ते उघडून पाहतो, देवघरातले टाक मोजून फडक्यात बांधतो आणि मगच भिंती मोकळ्या करून देतो. हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण वेबसाइट नवी करायची म्हटली की याच आपण एकदम रंगावर येतो. "फिकट गुलाबी छान दिसेल, नाही?" इथूनच चर्चेला सुरुवात! माळ्यावर काय आहे ते कुणी पाहतच नाही.

तुमच्यापैकी दोघीतिघींनी विचारलं आहे की शिवणवर्गाची, पाळणाघराची, घरगुती उद्योगाची छोटीशी वेबसाइट जुनी झाली आहे, हाताशी पैसे बेताचे आहेत, तर आतलं काही न गमावता ती नवी कशी करावी. मी काही यातली तज्ज्ञ नव्हे. अर्धा वेळ शाळेत मराठी शिकवते आणि उरलेल्या वेळात घर बघते. पण या बाबतीत एकदा चांगलीच पोळले आहे, म्हणून हक्काने लिहिते.

आमच्या महिला मंडळाची वेबसाइट २०१४ सालची. गोडा मसाला, मेतकूट, सांडगे, पापड यांची यादी आणि त्यासोबत सदस्यांनी लिहिलेल्या पाककृती. त्यातल्या बऱ्याच माझ्या सासूबाईंच्या. त्या सांगायच्या आणि मी टाइप करायची. "मीठ किती?" विचारलं तर म्हणायच्या, "लिंबाला विचार, तो सांगतो." तेही मी तसंच्या तसं लिहून ठेवलं होतं.

२०१९ साली ओळखीतल्या एका मुलाने आठ दिवसांत वेबसाइट नवी करून दिली. बैठकीत त्याने विचारलं, "जुन्याचं काय करायचं?" आणि "जुनं काय करायचंय, सुटसुटीत होऊ दे," असं म्हणणारी दुसरीतिसरी कुणी नसून मीच होते. ३४ पानं गेली. महिनाभराने सासूबाईंनी विचारलं, "माझं लिंबाचं लोणचं कुठं गेलं गं?" मी म्हटलं, "येईल हो आई, काम चाललंय." काम कसलं चाललं होतं! २०२१ साली त्या गेल्या. तो विषय तसाच राहिला.

या वर्षी पुन्हा वेळ आली. नणंदेने आपल्या फोनवर मेतकुटाचं पान उघडलं तर तिला अक्षरांच्या जागी नुसत्या अगम्य खुणा दिसल्या. आमची सुरुवातीची पानं जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. मंडळाच्या संगणकावर तो फॉन्ट असल्यामुळे आम्हाला सगळं ठीक दिसे. बाहेर मात्र कुणालाच वाचता येत नव्हतं. एका ठिकाणी खर्च विचारला तर ३५ हजार सांगितले. मंडळाने मंजूर केले ६ हजार. तेव्हा ठरवलं, काम आपणच करायचं, आणि यावेळी मोजदाद आधी.

पहिलं काम वहीचं. शंभर पानी वही घेतली आणि रकाने आखले: पानाचा पत्ता, शीर्षक, फोटो किती, आणि पुढे काय करायचं. 'काय करायचं' याला तीनच उत्तरं ठेवली – तसंच ठेवायचं, दुरुस्त करायचं, दुसऱ्यात मिसळायचं. 'टाकायचं' हा शब्दच ठेवला नाही. वरच्या पट्टीत दिसतात तेवढीच पानं आहेत असं समजू नका. कित्येक पानं कोपऱ्यात पडलेली असतात. गूगलमध्ये 'साइट' हा इंग्रजी शब्द, लगेच अपूर्णविराम (:) आणि त्याला चिकटून आपल्या वेबसाइटचं नाव लिहिलं की गूगलला ठाऊक असलेली आपली पानं समोर येतात. वर्डप्रेसवर वेबसाइट असेल तर २०२० पासून ते पानांची यादी आपोआप तयार ठेवतं, तीही पाहावी. आम्हाला वाटलं होतं, साठेक पानं असतील. भरली ११८! चार दुपारी गेल्या, पण त्या चार दुपारींनीच पुढचं सगळं वाचवलं.

दुसरं काम किल्ल्यांचं. वेबसाइटचं नाव कुणाच्या नावावर नोंदलं आहे? जागेचं भाडं कुणाच्या खात्यातून जातं? पासवर्ड कुणाकडे? आमचं नाव त्या मुलाच्या ई-मेलवर निघालं. मुलगा भला, त्याने लगेच मंडळाच्या नावावर करून दिलं. पण तो परदेशी गेला असता, किंवा रागावला असता, तर? घर आपलं आणि सातबारा दुसऱ्याचा, असं होऊ देऊ नये. नाव आणि जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही ध्यानात ठेवा. नाव आपल्या हाती असलं की जागा बदलता येते. जागेचं भाडं ठरवताना पहिल्या वर्षाच्या सवलतीला भुलू नका. दुसऱ्या वर्षापासून किती, ते आधी विचारा.

तिसरं काम नकलेचं, आणि इथे बहुतेकींची फसगत होते. वर्डप्रेसमधून 'एक्स्पोर्ट' केलं की एक फाइल मिळते आणि आपल्याला वाटतं, झालं! पण त्या फाइलमध्ये मजकूर असतो. फोटो नसतात, फोटो कुठे ठेवले आहेत त्याचे नुसते पत्ते असतात. जुनी जागा बंद झाली की ते पत्तेही फुकट. म्हणून पूर्ण नक्कल दोन भागांत घ्यायची: एक, सगळ्या फाइली, म्हणजे फोटो वगैरे, दोन, डेटाबेस, म्हणजे सगळा मजकूर ज्या कोठीत असतो ती कोठी. अशा तीन प्रती ठेवाव्यात. एक संगणकावर, एक पेनड्राइव्हवर आणि एक मंडळाच्या जागेबाहेर, दुसरीच्या घरी. आणि घेतलेली नक्कल उघडून पाहावी. डब्यावर 'चकली' लिहिलंय म्हणून आत चकली असेलच असं नाही, हे दिवाळीनंतर आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

आता नवी मांडणी. वर्डप्रेससारख्या व्यवस्थेत मजकूर वेगळा आणि त्याचा वेश, म्हणजे 'थीम', वेगळी असते. लुगडं बदललं म्हणून बाई बदलत नाही, तसंच हे. त्यामुळे सगळं पाडून नव्याने बांधण्याची गरज क्वचितच पडते. फुकट मिळणाऱ्या थीममध्ये साधी, फोनवर नीट दिसणारी एखादी निवडा. पानं सजवून देणाऱ्या झगमगीत जोडण्यांपासून मात्र जरा जपून. उद्या ती जोडणी काढली तर काही वेळा मजकुराच्या मध्ये कंसातल्या सांकेतिक खुणा तेवढ्या शिल्लक राहतात. मराठी अक्षरांसाठी 'मुक्ता', 'बालू' हे मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे सुरेख फॉन्ट फुकट वापरता येतात.

चालू वेबसाइटवर प्रयोग करू नका. तिची नक्कल आडबाजूला मांडून काम तिथे करा. जुनी तोवर ग्राहकांसाठी चालू राहू द्या. आडबाजूच्या नकलेवर 'शोधयंत्रांनी इकडे फिरकू नये' अशी खूण करता येते. ती करा, आणि नवी वेबसाइट खुली करताना ती खूण काढायला विसरू नका! मी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवलं होतं. ती राहिली तर गूगलवर आपण हळूहळू दिसेनासेच होतो.

जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणाऱ्या सोयी फुकट आहेत. पण त्यावर डोळे मिटून विसंबू नका. रफार, जोडाक्षरं, ऱ्हस्व वेलांटी इथे हमखास गडबड होते. आमच्याकडे तर अपूर्णांकांचीही झाली. 'अर्धा चमचा हिंग' जिथे हवा तिथे भलतंच काही! पाककृतीत ही चूक साधी नव्हे. म्हणून एकीने मोठ्याने वाचायचं आणि दुसरीने छापील कागदाशी ताडून पाहायचं, अशी ४१ पानं आम्ही तपासली. फोटोही धुऊनपुसून घेतले. फोनवरचा फोटो तीनचार एमबीचा असतो, पानाला शेदोनशे केबी पुरतात. लहान केलेले वेबसाइटवर लावले आणि मूळ फोटो जपून ठेवले.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, पानांचे पत्ते. लोक आपल्याकडे मुख्य दारानेच येतात असं नाही. कुणी मैत्रिणीला व्हॉट्सॲपवर मेतकुटाच्या पानाचा पत्ता पाठवलेला असतो, कुणी कुठे लिहून ठेवलेला असतो. आमच्या मसाल्याच्या पाकिटांवर तर तो चौकोनी क्यूआर कोड छापलेला, आणि अशी दोन हजार पाकिटं शिल्लक! त्या चौकोनात पानाचा पत्ताच लिहिलेला असतो. पत्ता बदलला की पाकिटं रद्दी. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच कळकळीने लिहून ठेवलं आहे की पत्ते बदलत बसू नका. तेव्हा शक्य तो पत्ता आहे तसाच ठेवावा, दिसायला बेंगरूळ असला तरी. बदलावाच लागला, तर जुन्या पत्त्यावर आलेल्या माणसाला आपोआप नव्याकडे नेण्याची सोय करावी. त्याला 'तीनशे एक रिडायरेक्ट' म्हणतात. काम करणाऱ्याला एवढे शब्द सांगितले तरी पुरे. वर्डप्रेसमध्ये त्यासाठी फुकट जोडणी मिळते. मात्र सगळे जुने पत्ते सरसकट पहिल्या पानावर वळवू नका. लोणच्याला आलेल्या बाईला ओट्याजवळ न्यावं, नुसतं अंगणात उभं करू नये.

आम्ही संक्रांत उरकल्यावर, जानेवारीच्या शेवटी नवी वेबसाइट खुली केली. दिवाळीच्या मागण्या किंवा उन्हाळ्यातली मसाल्याची घाई असताना असलं काम काढू नये. खुली केल्यावर वही घेऊन बसलो आणि ११८ जुने पत्ते एकेक करून फोनवर टाकून पाहिले. सात अडले, ते त्याच दिवशी दुरुस्त केले. पाकिटावरचा चौकोनही टिपून पाहिला. गूगलची 'सर्च कन्सोल' नावाची सोय फुकट आहे. कुठली पानं सापडत नाहीत ते ती कळवते. पहिले दोन महिने आठवड्यातून एकदा तिथे डोकवावं. आणि जुन्या वेबसाइटची पूर्ण नक्कल निदान वर्षभर तरी हलवू नये.

आता हिशेब. नावाचं वर्षाचं शुल्क ८५० रुपये, जागेचं भाडं २,७०० रुपये, कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने तीन दिवस मदत केली तिचे २,००० रुपये, पेनड्राइव्ह ४०० रुपये. एकूण ५,९५०. उरलेल्या पन्नासात पाच जणींचा चहा! पैसे कमी लागले कारण वेळ आमचा होता, हेही सांगायला हवं. मदतनिसाला तुम्ही तयार वही हातात दिलीत तर तिचे दिवस वाचतात, आणि तिचे दिवस म्हणजे तुमचे रुपये.

आणि ती गेलेली ३४ पानं? इंटरनेट आर्काइव्ह नावाची एक संस्था १९९६ पासून जगभरच्या वेबसाइटांच्या नकला जपून ठेवत आली आहे. 'वेबॅक मशीन' या तिच्या सोयीत आपल्या वेबसाइटचं नाव घातलं की जुन्या तारखांची पानं दिसतात, फुकट. पण जे पान तिने त्या वेळी टिपलं असेल तेवढंच मिळतं. आम्हाला ११ पानांचा मजकूर मिळाला, फोटो नाहीत. तुमचंही काही हरवलं असेल तर तिथे जरूर शोधा. जुना फॉन्ट असेल तर दिसणाऱ्या खुणा घाबरून सोडू नका, उतरवून घ्या. त्यांचं मराठी होतं.

लिंबाचं लोणचं त्या अकरांत नव्हतं. २०१८ सालच्या यादीत त्याचं नाव तेवढं होतं, आत काही नाही. मी आठवून आठवून कृती पुन्हा लिहिली. ती चुकीची नाही, तसं लोणचं मी दर वर्षी घालते. पण ती माझ्या शब्दांत आहे. "लिंबाला विचार" एवढंच एक वाक्य त्यांचं आठवलं, ते वर घातलं आणि खाली त्यांचं नाव लिहिलं.

तेव्हा मैत्रिणींनो, गुलाबी की फिकट पिवळा हे नंतर ठरवा. आधी वही घ्या. आणि "जुनं काय करायचंय?" असं कुणी विचारलं तर उत्तर द्यायच्या आधी ते पान एकदा उघडून पाहा. तिथे कुणीतरी काही सांगून ठेवलेलं असतं.

पुढच्या अंकात पावसाळ्याआधी डाळी-कडधान्यं भरून ठेवण्याबद्दल बोलू.