गुंतागुंतीची किंमत

साहित्यचर्चेत 'अवघड' हा शब्द कधी तक्रार म्हणून येतो, तर कधी प्रशस्तिपत्र म्हणून. एखाद्या कृतीची रचना गुंतागुंतीची आहे एवढ्यावरून तिला श्रेष्ठ ठरवण्याचा मोह समीक्षेला वारंवार होतो. हा मोह तपासून पाहायचा तर थोडे साहित्याबाहेर जाणे उपयोगाचे ठरेल. स्वित्झर्लंडच्या घड्याळ-व्यवसायात तास, मिनिटे आणि सेकंद यांपलीकडे घड्याळ जे काही दाखवते वा ऐकवते त्याला 'कॉम्प्लिकेशन', म्हणजे सरळ गुंतागुंतच, म्हणतात. तिथे गुंतागुंतीला उघड भाव आहे. मात्र हा भाव सर्व गुंतागुंतींना सारखा नाही, आणि ही तफावत कशातून येते हा प्रश्न आपल्याही कामाचा आहे.

पहिला समज असा की, जितक्या करामती अधिक तितकी किंमत अधिक. तो टिकत नाही. हेन्री ग्रेव्हज या अमेरिकन धनिकासाठी पाटेक फिलिपने १९३३ साली पूर्ण केलेल्या खिशातल्या घड्याळात २४ कॉम्प्लिकेशन्स आहेत. २०१४ साली जिनिव्हातील लिलावात त्याला सुमारे २ कोटी ३२ लाख स्विस फ्रँक मिळाले. त्याच कंपनीच्या २० कॉम्प्लिकेशन्सच्या, पोलादी 'ग्रँडमास्टर चाइम'ला २०१९ मध्ये ३ कोटी १० लाख फ्रँक आले. हा लिलाव धर्मादाय होता हे खरे. तरीही संख्या आणि किंमत हातात हात घालून चालत नाहीत एवढे यातून स्पष्ट होते.

मग नावाने एकच असलेल्या दोन गुंतागुंती घेऊ. शाश्वत दिनदर्शिकेच्या घड्याळात चार वर्षांत एक फेरा पूर्ण करणारे एक चक्र असते. त्याच्या कडेवरील कमी-अधिक खोलीच्या खाचा महिना तीस दिवसांचा की एकतीस, फेब्रुवारी अठ्ठावीसचा की एकोणतीसचा, हे यंत्राला सांगतात. २१०० साल लीप वर्ष नसल्यामुळे तेवढ्या वर्षी मात्र हाताने दुरुस्ती करावी लागेल. असे घड्याळ फ्रेडरिक कॉन्स्टंटने २०१६ साली १० हजार फ्रँकच्या आत विकायला आणले. पाटेकच्या शाश्वत दिनदर्शिकेची किंमत याच्या कित्येक पट असते. ब्रेगेने १८०१ साली पेटंट घेतलेल्या टूर्बियाँचेही तसेच. उभ्या ठेवलेल्या घड्याळाच्या चालीत गुरुत्वाकर्षणामुळे येणारी चूक सरासरीने विरून जावी म्हणून त्याने घड्याळाचे हृदयच एका फिरत्या पिंजऱ्यात बसवले. दोन शतके जे दुर्मीळ कौशल्य मानले गेले, ते टॅग ह्यूअरने २०१६ मध्ये सुमारे १५ हजार फ्रँकना उपलब्ध करून दिले. ज्या गुंतागुंतीचे सुटे भाग यंत्रावर अचूक कापता येतात आणि जुळणीचे काम अनेक हातांत वाटता येते, ती कालांतराने स्वस्त होते.

मिनिट रिपीटर मात्र या वाटणीला सहजी दाद देत नाही. विजेचे दिवे नव्हते तेव्हा अंधारात वेळ कळावी म्हणून ही योजना झाली. कळ सरकवली की दोन हातोड्या पोलादी तारांवर तास, पाव तास आणि मिनिटे वाजवतात. बाराला एकोणसाठ मिनिटे झाली असता बारा खर्ज ठोके, तीन जोडठोके आणि चौदा तार ठोके. तार किती घासायची हे शेवटी कान ठरवतो. येथे जास्तीची किंमत ऐकणाऱ्या माणसाची आहे, आणि ती मला रास्त वाटते.

त्याहून रास्त, पण क्वचित बोलली जाणारी किंमत न दिसणाऱ्या निगुतीची असते. वाले द जू खोऱ्यातल्या फिलिप द्युफूर यांचे 'सिम्प्लिसिटी' हे घड्याळ तास, मिनिटे आणि छोटा सेकंदकाटा एवढेच दाखवते. व्यवसायाच्या व्याख्येनुसार त्यात एकही कॉम्प्लिकेशन नाही. तरीही लिलावात त्याला काही लाख फ्रँक मिळतात. त्याच्या आतल्या पट्ट्यांच्या कडा हाताने उतरत्या घासलेल्या आहेत. जिथे दोन कडा आतल्या बाजूला टोकदार कोनात मिळतात तिथे फिरते हत्यार पोचत नाही, हातच लागतो. या झिलईने वेळ अधिक अचूक कळत नाही. ती एखाद्या गद्यकाराने कोणी लक्ष देणार नाही अशा वाक्यावर घेतलेल्या कष्टासारखी आहे.

तिसरी किंमत कथेची. पाटेकचे '१५१८' हे १९४१ पासूनचे मॉडेल. एकूण २८१ नग झाले, त्यांतले पोलादी फक्त चार ज्ञात आहेत. सोन्याच्या आणि पोलादाच्या नगांतले यंत्र तेच, धातू उलट स्वस्त. तरीही २०१६ साली एका पोलादी नगाला १ कोटी १० लाख फ्रँक आले, सोन्याच्या नगांना मिळणाऱ्या किमतीच्या अनेक पट. पुढच्याच वर्षी पॉल न्यूमन या अभिनेत्याच्या मनगटावरच्या रोलेक्सला पावणेदोन कोटी डॉलर मिळाले. त्याची गुंतागुंत म्हणाल तर एक साधे क्रोनोग्राफ.

यावर कोणी म्हणेल की, कथाही मूल्याचाच भाग आहे. हस्तलिखिताला छापील प्रतीपेक्षा अधिक मोल आपणही देतोच. हे मान्य. उपयुक्ततेचा दाखलाही येथे चालणार नाही. १९६९ च्या अखेरीस सेइकोने क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ आणल्यापासून अचूकतेच्या कसोटीवर ही सारी यंत्रे हरलेलीच आहेत. १९७० च्या सुमारास स्विस घड्याळ उद्योगात नव्वद हजारांच्या आसपास माणसे होती, ती पंधरा-सोळा वर्षांत जेमतेम एक तृतीयांश उरली. त्यानंतर गुंतागुंत टिकली ती गरज म्हणून टिकली नाही. कलेने जगावे तशी जगली.

माझा आक्षेप कथेला नाही, गल्लतीला आहे. दुर्मीळतेसाठी आणि नावासाठी पैसे मोजायचे आणि जाहिरातीत मात्र कारागिराच्या हातांची छायाचित्रे छापायची, ही ती गल्लत. या व्यवहारात कथेची किंमत श्रमाच्या खात्यावर मांडली जाते आणि खऱ्या निगुतीचे साधे घड्याळ जाणकारांपुरते उरते. अभ्यासक्रमात आणि परिसंवादांत आपण वेगळे काय करतो? लेखकाच्या नावाचा दबदबा असतो. त्याला आपण शैलीचे सामर्थ्य म्हणतो. रचनेत जुळणीचे कौशल्य दिसते. त्याला आशयाची सखोलता म्हणतो. आणि जिच्यात दाखवण्याजोगी एकही करामत नाही, पण प्रत्येक कड हाताने घासलेली आहे, अशी कृती 'सोपी' म्हणून बाजूला सारतो. घड्याळांच्या बाजाराला निदान नफ्याची सबब आहे. विद्यार्थ्यांपुढे उभ्या राहणाऱ्या समीक्षकाला तीही नाही. ही गुंतागुंत कोणी तरी कान लावून जुळवलेली आहे, की नुसती वारशाने आणि नावाने आलेली आहे, एवढे त्याने प्रत्येक कृतीपाशी थांबून सांगितलेच पाहिजे.